चार गुण, तीन फाऊल: विद्यापीठ बास्केटबॉल निवड समितीला खुलं पत्र

निवड समितीच्या सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी दोघांना मी सर म्हणते, एकजण माझ्याच वेळचा खेळाडू आहे आणि मॅडमनी तर मला एफ.वाय.ला असताना लेअपची पावलं शिकवली. त्यामुळे हे लिहिताना हात जरा आखडतोय. पण नुसत्या गुणपत्रकावरून संघ निवडू नका, हे तोंडी दोनदा बोलून झालं. दोन्ही वेळा मध्ये चहा आला आणि विषय मैदानाच्या बुकिंगवर गेला. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

मी टेबलवर बसणारी बाई. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात सगळे रेफरीच्या शिट्टीकडे बघतात, बेंचवरच्या कोचकडे बघतात. मधल्या टेबलवर मान खाली घालून कुणीतरी लिहीत असतं, ती मी. अठरा वर्षं झाली. दिवसभर पतसंस्थेत लोकांचे आकडे जुळवायचे आणि संध्याकाळी मुलामुलींचे. तुम्ही संघ निवडताना समोर जे पत्रक ठेवता, ते बहुतेक वेळा माझ्याच अक्षरातलं असतं. त्यामुळे त्या पत्रकाबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे, असं मी धरून चालते.

त्या पत्रकात काय असतं ते एकदा बघू. उजव्या बाजूला १ ते १६० आकडे छापलेले असतात. बास्केट पडली की नव्या बेरजेवर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी टाकणाऱ्याचा नंबर लिहायचा. तीन गुणांची असेल तर त्या नंबरला गोल. फाऊलमुळे मिळालेला फ्री थ्रो आत गेला तर बेरजेवर भरीव ठिपका. पहिल्या-तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं. डाव्या बाजूला खेळाडूंची नावं, त्यांच्यापुढे फाऊलचे पाच चौकोन. वर टाइम-आऊट. खेळाडू पहिल्यांदा मैदानात उतरला की एक फुली. संपलं.

आता काय नसतं ते बघा. हुकलेला शॉट नसतो. म्हणजे एखादीने तीस वेळा चेंडू रिंगकडे फेकला आणि आठ वेळा आत गेला, तर पत्रकावर आठ रेघा दिसतात. बाकीचे बावीस हवेत विरून जातात. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू, नसतो. असिस्ट, म्हणजे ज्यावर बास्केट पडली तो पास, नसतो. हिसकावलेला चेंडू नसतो, हातून घालवलेला चेंडूही नसतो. खेळाडू आत आल्याची फुली असते, पण बाहेर कधी गेला, पुन्हा कधी आला, याची काही खूण नाही. ती मैदानात असताना संघ पुढे होता की मागे, हे नंतर कितीही डोकं खाजवलं तरी त्या कागदावरून निघत नाही.

पत्रकाचा यात दोष नाही. सामना कोण जिंकलं याचा वाद मिटवायला ते बनवलंय. म्हणून तर नियमाप्रमाणे त्याची गुलाबी प्रत जिंकणाऱ्याला आणि पिवळी हरणाऱ्याला द्यायची असते. कोण कसं खेळलं हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. त्यावरून संघ निवडणं म्हणजे रेशनकार्ड बघून सोयरीक जुळवण्यातला प्रकार.

आणि एक गोष्ट तर मला स्वतःलाच फार उशिरा कळली. जी मुलगी टाकत नाही, फक्त अडवते, तिच्याबद्दल हे पत्रक एकच गोष्ट टिपतं: तिच्या चुका. पाच चौकोन तेवढ्यासाठीच आहेत. चांगलं अडवलं तर कुठे लिहायचं, त्याला चौकोनच नाही.

गेल्या मोसमातली मुलींची फायनल तुम्हाला आठवत असेल. तुमच्यापैकी तिघे हजर होते, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. निकाल ४८-४५. त्या दिवशी मी एका नव्या मुलीला स्कोअररचं काम शिकवत होते. पेन तिच्या हातात, मी शेजारी. अठरा वर्षांत पहिल्यांदाच फायनलला माझा हात रिकामा होता. रिकाम्या हाताला चैन पडेना, म्हणून जुन्या पत्रकाच्या पाठीवर मी उगाच खुणा करत बसले.

हरलेल्या संघातल्या ७ नंबरचे गुण २१. सात साध्या बास्केट, एक तीन गुणांची, चार फ्री थ्रो. माझ्या पाठकोऱ्या कागदावर तिचे शॉट भरले २९. त्यातले आठ आत. मुलगी वाईट नाही, उलट तिच्या संघात दुसरं कुणी टाकायलाच तयार नव्हतं, सगळा भार तिच्यावर. पण एकवीस बाकी सगळ्यांनी वाचले, एकोणतीस फक्त मी.

जिंकलेल्या संघात १२ नंबरची मुलगी होती. उंची बेताचीच, डाव्या गुडघ्याला नीकॅप. तिने दोनच शॉट मारले, दोन्ही आत. चार गुण. फाऊलच्या चौकोनात पी, पी आणि एक पी२, म्हणजे तिसऱ्या फाऊलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळाले. चार गुण, तीन फाऊल. पत्रक वाचणाऱ्यासाठी ही मुलगी एवढीच.

समोर पाच फूट अकरा इंचांची पोस्ट, म्हणजे रिंगजवळ खेळणारी मुलगी, होती, सगळ्या स्पर्धेत रिंगखाली तिचंच राज्य. प्रत्येक शॉट सुटला की १२ नंबर चेंडूकडे बघायचीच नाही. आधी वळून त्या पोस्टला शोधायची, तिला पाठीवर घ्यायची आणि गुडघे वाकवून मागे रेटत न्यायची. चेंडू रिंगला लागून खाली यायचा तेव्हा ती उंच मुलगी रिंगपासून चार पावलं लांब असायची आणि १२ नंबरची जोडीदार ४ नंबर आरामात चेंडू उचलायची. हे मी चौदा वेळा मोजलं. रिबाउंडचा तक्ता ठेवला असता तरी ते सगळे रिबाउंड ४ नंबरच्या नावावर पडले असते. १२ नंबरने त्यातल्या एकाही चेंडूला हात लावला नव्हता.

तिने दोन चार्ज घेतले. ७ नंबर वेगात आत घुसायची, ही तिच्या वाटेत दोन्ही पाय रोवून उभी राहायची आणि छातीवर धक्का घेऊन सिमेंटवर बसायची. शिट्टी, चेंडू आपला. आता गंमत बघा, हा फाऊल पत्रकावर ७ नंबरच्या रांगेत पी म्हणून चढतो. तो कुणी काढला, ते कुठेच नाही.

दुसऱ्या चार्जला तिच्या कोपराची साल निघाली. रक्त दिसलं की खेळाडूला बाहेर जावं लागतं हा नियम तिला ठाऊक होता, म्हणून ती कोपर जर्सीला घासून लपवत होती. मी पाहिलं आणि गप्प बसले (हे लिहायला नको होतं, पण लिहिते). दोन मिनिटांनी रेफरीने पाहिलंच. तिसरा क्वार्टर सुरू होता, स्कोअर ३६-२७. ती बाहेर. फर्स्ट एडच्या पेटीची किल्ली शिपायाकडे, शिपाई बक्षीस समारंभाच्या हारांमागे. पट्टी बांधून ती परत येईपर्यंत खेळाची चार मिनिटं गेली होती आणि स्कोअर होता ३६-३५.

ती गेल्यावर मला आधी काय जाणवलं असेल, तर शांतता. तोपर्यंत सबंध सामनाभर तिचा आवाज टेबलपर्यंत येत होता. ‘स्क्रीन डावीकडून’, ‘माझी पाच’, ‘मागे मी आहे, पुढे जा’. आपण त्याला कोचच्या भाषेत टॉक म्हणतो आणि प्रत्येक शिबिरात मुलांना ‘बोला, बोला’ म्हणून ओरडतो. ती बाहेर बसली आणि तिच्या चारही जोडीदारणी मुक्यानं खेळायला लागल्या. स्क्रीन, म्हणजे वाट अडवायला आडवी उभी राहणारी समोरची खेळाडू, आली की दोघी एकीच्याच मागे धावायच्या, दुसरी मोकळी. आठ गुण असेच गेले. ती परत आल्यावर उरलेला खेळ १२-१०.

चारच मिनिटांवरून निष्कर्ष काढू नये, हे मलाही कळतं. एका सामन्यातला असा हिशेब फसवा असतो. नेमक्या त्याच वेळी समोरच्यांचे दोन शॉट नशिबाने बसले असतील. पण तुम्ही जे एकवीस वाचलेत तेही एकाच सामन्यातले.

पुढे निवड चाचणी झाली, यादी लागली. ७ नंबर संघात, १२ नंबर राखीव यादीतही नाही. यादीतल्या बारापैकी दहाजणी आपापल्या कॉलेजच्या सगळ्यांत जास्त गुण करणाऱ्या. पश्चिम विभागाच्या स्पर्धेत आपण दुसऱ्याच सामन्यात घरी आलो. दहा शूटर आणि चेंडू एक. तिथून परतलेल्या एका मुलीने मला सांगितलं, ‘ताई, पास दिला की परत यायचाच नाही.’ ७ नंबरला काढा असं माझं म्हणणं नाही. तिला स्क्रीन लावणारी, तिचा हुकलेला शॉट परत मिळवून देणारी एकजण बरोबर पाठवली असती, तर तिचेही आठाचे बारा झाले असते.

हे मी एवढ्या खात्रीने सांगते, कारण मीच एके काळची ७ नंबर आहे.

२००३ साली मला विद्यापीठाचा कलर मिळाला, म्हणजे मी विद्यापीठाच्या संघात आले. निवडीच्या सामन्यात माझे अठरा गुण होते. त्यातल्या सात बास्केट एकाच जागेवरून, उजव्या कोपऱ्याच्या जरा आत, आणि सातही वेळा माझ्या कॉलेजातली मैत्रीण खांबासारखी उभी होती. मी तिच्या खांद्याला खांदा घासून निघायचे, माझ्यामागे धावणारी मुलगी तिच्यावर आदळायची, मी मोकळी. स्क्रीन लावणाऱ्याने हलायचं नसतं, हातही बाहेर काढायचे नसतात, नाहीतर फाऊल तिचाच. म्हणजे काम काय, तर धक्का खायचा आणि हलायचं नाही. ती तसं करायची आणि मी टाळ्या घ्यायचे. यादीत माझं नाव आलं, तिचं नाही. विद्यापीठाकडून मी पाच सामने खेळले आणि पाच मिळून माझे गुण झाले अकरा. मी ना आजारी होते ना घाबरलेले. मोकळी कशी व्हायचं हे मला येतच नव्हतं, कारण ते मी कधी केलंच नव्हतं. नेव्ही ब्लू ब्लेझर अजून माझ्या कपाटात आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, भेटलो की आम्ही या विषयावर बोलत नाही.

आपल्याच मातीतल्या खो-खोकडे बघा. तिथल्या गुणपत्रकात संरक्षक किती वेळ टिकला ते मिनिटं-सेकंदांत लिहितात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते: अमक्याने दोन मिनिटं दहा सेकंद संरक्षण करून तीन गडी बाद केले. आधी पळती, मग मारलेले गडी. ज्याने एकही गडी मारला नाही पण अडीच मिनिटं हाती लागला नाही, त्याचं नाव मथळ्यात येऊ शकतं. कबड्डीतही पकड करणाऱ्याला गुण आहे. अडवणं ही खेळण्याइतकीच मोठी गोष्ट आहे हे आपल्या लोकांना कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. बास्केटबॉलच्या मैदानात पाऊल टाकलं की मात्र आपण ते विसरतो.

बाहेरचंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे, आणि नेमकं कॉलेजातलं. २ एप्रिल २०१२, न्यू ऑर्लिन्स, अमेरिकेतल्या एनसीएए या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल. केंटकीने कॅन्ससला ६७-५९ असं हरवलं. केंटकीचा पहिल्या वर्षाला असलेला अँथनी डेव्हिस त्या दिवशी दहा शॉट मारून एकच आत टाकू शकला. मध्यंतरापर्यंत त्याच्या नावावर शून्य गुण होते, शेवटी सहा झाले. त्याच्याच संघातल्या डोरन लॅमने बावीस केले होते. स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवडला गेला तो डेव्हिस. कारण त्या सहा गुणांच्या शेजारी लिहिलेलं होतं: १६ रिबाउंड, ६ ब्लॉक (अडवलेले शॉट), ५ असिस्ट, ३ स्टील (हिसकावलेले चेंडू). तोच डेव्हिस त्याच वर्षीच्या एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला उचलला गेला.

आता मनाशी हा खेळ करून बघा. तो सामना आपल्या मैदानावर झाला असता, पत्रक मी लिहिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही वाचलं असतं. एक तिरकी रेघ, चार ठिपके आणि थोडे फाऊल. राखीव यादीत तरी आला असता का तो?

तिथेही हे सगळं आधीपासून मोजत होते असं नाही. बिल रसेलने सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून दिली. तो असताना संघ सलग ५५ सामने जिंकला. समोरच्याचा शॉट हवेतच अडवून चेंडू आपल्याच जोडीदाराकडे ढकलायचा, ही त्याची खासियत. त्याने किती ब्लॉक केले? कुणालाच सांगता येणार नाही, कारण पुरुषांच्या कॉलेज सामन्यांत ब्लॉक अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली १९८५-८६च्या मोसमात. पत्रकात रकाना नव्हता. पण डोळे उघडे होते: १९५६-५७पासून रिंगखालचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला गेला आणि रसेलसारख्यांना रिंगखाली ठाण मांडणं अवघड झालं. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी नियम बदलला.

आणि दुसऱ्या टोकाला पीट मॅराव्हिच. लुइझियाना स्टेटकडून तीन मोसमांत ८३ सामने, ३,६६७ गुण, सामन्याला सरासरी ४४.२. तेव्हा तीन गुणांची रेषाही नव्हती! असा खेळाडू असून त्याचा संघ त्या तीन वर्षांत एकदाही एनसीएए स्पर्धेपर्यंत पोचला नाही. मॅराव्हिचवर अन्याय नको: त्या काळी एका परिषदेतून, म्हणजे कॉलेजांच्या एका गटातून, एकच संघ पुढे जायचा, आणि तो येण्यापूर्वी संघाची अवस्था फारच वाईट होती, त्याने ती सुधारली. चेंडू हाताळण्यात तर जादूगार. पण ४४ गुणांनी काय होतं आणि काय होत नाही, हे त्या संघाच्या पहिल्या दोन मोसमांत दिसतं: १४ विजय-१२ पराभव, मग १३-१३.

मला सगळ्यांत आवडते ती नॉर्थ कॅरोलिनाचे कोच डीन स्मिथ यांची एक साधी सवय. बास्केट टाकणाऱ्याने लगेच बोट दाखवायचं, कुणाकडे, तर ज्याने पास दिला त्याच्याकडे. आपल्याकडे बोट दाखवणं म्हणजे दोष देणं. तिथे सबंध संघ श्रेय देण्यासाठी बोट दाखवायचा. मायकल जॉर्डन याच संघात तीन वर्षं खेळला, सरासरी १७.७ गुण. जॉर्डनला वीसच्या आत रोखणारा एकच माणूस, डीन स्मिथ, असा विनोद तिकडे करतात. त्याच संघाने १९८२ साली विजेतेपद मिळवलं हे विनोद सांगणारे सांगत नाहीत.

तुमच्यापैकी एका सरांनी मला म्हटलं होतं, ‘अहो, आम्ही तीस वर्षं खेळ बघतोय. पत्रक नुसतं नावाला, दिसतं आम्हाला सगळं.’ सर, तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे. पण नजर चेंडूमागे जाते. माझीही जाते. अठरा वर्षं मी मैदानापासून दोन हातांवर बसले आणि बॉक्स आऊट, म्हणजे समोरचीला पाठीवर घेऊन रिंगपासून लांब रेटणं, मोजावा असं मला हात रिकामा मिळेपर्यंत सुचलं नाही. चेंडूपासून नजर काढून चेंडू नसलेल्या मुलीकडे एक मिनिट बघत राहणं किती कठीण आहे, हे करून बघा. मान आपोआप वळते.

निवड चाचणीची आपली पद्धत तर यात भरच घालते. दोन दिवस, सत्तर-ऐंशी मुली, नंबर वाटायचे, अनोळखी पाच विरुद्ध अनोळखी पाच, दहा मिनिटं. मुली हुशार असतात. समितीची मान चेंडूबरोबर फिरते हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग कोण कशाला पास देईल? ज्या मुलीचा सगळा खेळ दुसरीला मोठं करण्याचा, तिला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. १२ नंबर चाचणीत अगदी तशीच खेळली जशी फायनलला खेळली. स्क्रीन लावली, तर जिच्यासाठी लावली ती भलतीकडेच पळाली. ‘हेल्प’ म्हणून ओरडली, तर कुणाला कळलंच नाही ही कुणाशी बोलतेय. एका सरांनी पेन दाताखाली धरून मला विचारलं, ‘ही बारा नंबर नुसती ओरडते का हो?’ मी तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, मग सगळंच मोजू. थांबा, तोही आजारच आहे. २००३ साली एनबीएमध्ये क्लीव्हलँडच्या रिकी डेव्हिसला ट्रिपल-डबलसाठी, म्हणजे तीन रकान्यांत दोन आकडी नोंद होण्यासाठी, एक रिबाउंड कमी पडत होता, तर सामना संपता संपता त्याने चेंडू स्वतःच्याच रिंगवर मारला, उडून आला की आपला रिबाउंड! जे मोजाल त्याच्यामागे पोरं धावणार. उद्या बॉक्स आऊटला गुण ठेवलेत, तर चेंडू पायाशी असताना एकमेकींना पाठीने ढकलत बसतील. आणि टाकणारं कुणी नसेल तर अडवून अडवून सामना शून्य-शून्य राहील, जिंकता येणार नाही, हेही मान्य. गुणांना कमी लेखायचं नाही मला. फक्त गुण किती शॉटमध्ये आले आणि कुणाच्या खांद्यावरून आले, एवढं विचारा.

माझ्या मागण्या फार नाहीत. उपांत्य फेरीपासून पुढच्या सामन्यांना टेबलमागे आणखी दोन विद्यार्थी बसवा, हातात शाळेची वही. एकाने फक्त शॉट लिहायचे, गेलेले आणि हुकलेले, नंबरासकट. दुसऱ्याने कोण किती वाजता आत आलं, बाहेर गेलं आणि तेव्हा स्कोअर काय होता ते लिहायचं. लॅपटॉप नको, सॉफ्टवेअर नको. दोन वह्या आणि दोन पेन्सिली. त्यांना शिकवायचं काम मी करते, मानधन नको. बाकीचं, म्हणजे चार्ज, पाठीवर घेतलेली पोस्ट, चेंडूला लागलेलं बोट, हे समितीतल्या एकाने बघावं आणि त्याने त्या सामन्यात चेंडूकडे बघायचं नाही, असं आधीच ठरवून घ्यावं. त्याची खुर्ची पाहुण्यांच्या रांगेत नको, रिंगमागे बेसलाइनजवळ हवी. तिथून पाय दिसतात. हार-तुरे तिथे पोचत नाहीत, हा आणखी एक फायदा.

चाचणीत अनोळखी पाच ठेवू नका. एका कॉलेजच्या दोघी-तिघी एकत्र राहू द्या, निदान अर्धा सामना तरी. आणि शेवटी प्रत्येक मुलीला एक चिठ्ठी द्या. तिने दोन नंबर लिहायचे: संघात माझ्याबरोबर कोण हवी, आणि समोर कोण नको. नावाशिवाय. गेल्या फायनलनंतर मी सहज म्हणून ७ नंबरला दुसरा प्रश्न विचारला होता. ती बाटलीतलं पाणी तोंडावर मारत होती. तिने बोट दाखवलं, पलीकडे कोपरावरची पट्टी सोडवत बसलेल्या मुलीकडे.

१२ नंबर आता टी.वाय.ला आहे. कॉलेजकडून खेळण्याचा तिचा हा शेवटचा मोसम. चाचणीच्या दिवशी सकाळी साडेसातला मी टेबलवर असेन, लाल पेन, निळं पेन आणि दोन कोऱ्या वह्या घेऊन. वह्या कुणाच्या हातात द्यायच्या तेवढं आदल्या दिवशी कळवा.

आपली,
टेबलवरची बाई